गवतवाल्या सदूचं नाक

सदू माझा धाकटा भाऊ. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे बोलणार आहे तो परक्या बाईचा आगाऊपणा आहे असं कुणाला वाटायला नको. मी त्याला कडेवर घेऊन गावभर फिरवलंय, त्याचा शेंबूड पुसलाय, त्याच्या वाटचा मार खाल्लाय. आज तो पन्नाशीच्या पुढे गेला आणि माझं मत असं आहे की एवढे कष्ट घ्यायला नको होते.

चौक गावाला, जुन्या हायवेच्या कडेला, गॅरेजांची रांग संपते तिथे त्याची गवताची वखार आहे. आहे म्हणजे होती. ती तिथून कशी हलली, तीच ही गोष्ट. नवरात्र सरलं की आजूबाजूच्या डोंगरउतारांवरचं गवत कापतात. त्याचे भारे टेंपोतून वखारीत येतात, प्रेसमध्ये दाबून गठ्ठे होतात आणि ट्रक भरभरून मुंबईच्या तबेल्यांना जातात. धंदा आमच्या आजोबांनी सुरू केला, वडिलांनी वाढवला. सदूने त्यात भर घातली ती एका बोर्डाची. त्यावर त्याचा हात जोडलेला फोटो आहे. नवखा माणूस बघून विचारतो, निवडणूक कधी आहे?

घर आणि वखार एकाच आवारात. माझी भावजय सुंदरा स्वैपाकघराची खिडकी उघडते तर समोर प्रेस. हंगामात दिवसभर तिथून पिवळी धूळ उडते आणि भांड्यांवर, पिठावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते.

सदूची एक खासियत आहे. कुठल्याही गोष्टीचं कारण विचारा, तो लगेच सांगतो. विचार करायला थांबणं त्याला कमीपणाचं वाटतं. टेंपो का बंद पडला, पाऊस का लांबला, अमक्याच्या पोराचं लग्न का मोडलं, सगळं याला ठाऊक. आणि त्याच्या प्रत्येक कारणात एक सोय असते. सदूला स्वतःला जागचं हलावं लागत नाही.

सुंदरा कशेळ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा भाऱ्यावर भारा उचलायची, धाप लागायची नाही. लेक माधवी शाळेत जायला लागली त्या सुमाराला तिला शिंका सुरू झाल्या. भाद्रपद संपता संपता नाक वाहायला लागायचं, डोळे लाल, घशाला आणि कानाच्या आत खाज. दिवाळीपर्यंत छाती भरायची आणि श्वास घेताना शिट्टी वाजायची. माघ लागला की सगळं आपोआप थांबायचं. वर्षातले आठ महिने बाई धडधाकट आणि चार महिने अर्धमेली. कुणी शहाण्याने एवढ्यावरूनच विचारलं असतं की या चार महिन्यांत घरात असं वेगळं काय असतं? सदू प्रेसकडे तोंड करून म्हणाला, "दही खाते ती."

दही बंद झालं. पुढच्या वर्षी शिंका तशाच, म्हणून ताक बंद. मग केळी. मग पेरू, मग काकडी, मग सीताफळ. माठातलं पाणी गेलं. डोक्यावरून अंघोळ करायची ती फक्त रविवारी, तीही दुपारी. एका वर्षी दोष पंख्याला लागला. माघात तिला बरं वाटलं की हा छाती काढून सगळ्यांना सांगायचा, "काकडी बंद केली नि बघा कसा गुण आला." पुढच्या आश्विनात शिंका परत आल्या की म्हणायचा, चोरून खाते. हे सांगताना याच्या पुढ्यात साखर घातलेल्या दह्याची वाटी असायची.

आता आमच्या घराची रीत सांगते. दसऱ्याला हंगामातला पहिला भारा येतो, तो आम्ही विकत नाही. माजघरात देवासमोर उभा करतो, हळदकुंकू वाहतो आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत तिथेच ठेवतो. मग तो गाईला घालतो. ती आमची लक्ष्मी. आजोबांच्या काळात घर कुडाचं होतं, वारा या भिंतीतून त्या भिंतीत जायचा. सदूने स्लॅब टाकला, काचेच्या सरकत्या खिडक्या बसवल्या आणि भारा मात्र तसाच माजघरात ठेवला. भाऱ्याशेजारी सुंदराचं अंथरूण. सदू वरच्या खोलीत एसी लावून झोपतो, कारण हिला म्हणे एसी सोसत नाही. रोज सकाळी ती अंघोळ करून भाऱ्यापुढे वाकायची, फुलोऱ्याला कपाळ टेकवायची आणि न्याहारी होईपर्यंत शिंकत बसायची. माझ्या आईने लावून दिलेली रीत होती, ती बिचारी एक दिवस चुकवत नव्हती.

माधवी खोपोलीला कंपनीत कामाला लागली. पहिला पगार झाला आणि तिने आईला पनवेलच्या ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरवलं. मीही कर्जतहून शिलाईमशीनवर कापड टाकून निघाले. सदू आला, कारण डॉक्टरशी कसं बोलायचं ते बायकांना कळत नाही असं त्याचं मत. दवाखान्यात तो तोंड उघडून बोलला ते एकदाच. पार्किंगचं विचारायला.

डॉक्टरीणबाईंनी सुंदराच्या हातावर ओळीने थेंब टाकले आणि प्रत्येक थेंबात बारीक सुई टोचली. एक थेंब गवताच्या फुलोऱ्याचा, एक धुळीतल्या किड्यांचा, एक बुरशीचा, असे. माधवीने हट्ट धरून दही आणि केळंही टोचायला लावलं. थोड्या वेळाने बघतो तर गवताच्या जागी मोठी लाल गांधी उठलेली. बुरशीच्या जागी लहानशी. दही आणि केळं होतं तिथे कातडी कोरी. सुंदरा त्या कोऱ्या जागेकडे बघतच राहिली. पंधरा-सोळा वर्षांची दह्याची वाटी तिला तिथे दिसली असावी.

बाईंनी सगळं नीट समजावलं. पावसाळा सरताना गवत फुलतं, तेव्हा त्यातून डोळ्यांना न दिसणारी पूड उडते. बहुतेकांच्या नाकाला तिचं काही वाटत नाही, पण काहींचं शरीर तिला शत्रू समजतं आणि नाक, डोळे, छाती सगळीकडे सूज धरतं. गवत वाळलं तरी ती पूड त्यात राहते, दमट भाऱ्याला बुरशी येते ती वेगळीच. औषध त्रास सुरू व्हायच्या आधी चालू करायचं, गवत फुलायच्या दोन-तीन आठवडे अगोदर. नाकातला फवारा रोज मारायचा, आज मारला उद्या विसरला असं नाही. सकाळी खिडक्या बंद ठेवायच्या, कपडे घरात वाळवायचे, बाहेरून आलं की कपडे बदलायचे, केस धुवायचे, गवताजवळ जायचंच झालं तर मास्क लावायचा. छातीसाठी दोन पंप दिले. एक रोजचा, सूज कमी ठेवणारा, आणि एक श्वास अडकला तर लगेच घ्यायचा. "आणि वखार घरापासून लांब न्या," बाई म्हणाल्या. "बाकी सगळं करून वखार खिडकीसमोर ठेवलीत तर औषध तरी किती पुरं पडणार? यांची छाती आता नाजूक झालीये. हे साध्या सर्दीसारखं घेऊ नका."

सदूने मान डोलावली. बाहेर आल्यावर म्हणाला, "सुई जोरात टोचली आसंल."

गाडीत बसल्यावर तर त्याला कंठच फुटला. "आमच्या लक्षुमीला ॲलर्जी म्हनते ती बाई. तिच्या बापानं गवत विकून पोरं नाय वाढवली. माज्या बापानं वाढवली." मी म्हटलं, "सदू, वखार हलव." तो म्हणाला, "ताय, तू शिलाई बघ तुजी." सुंदरा खिडकीतून बाहेर बघत होती. मी तिचा हात धरला तर हातावरची गांधी अजून गरम होती.

तरी सदूने डॉक्टरांचा मान ठेवला नाही असं कुणी म्हणू नये. घरी जाऊन त्याने सुंदराचं अंथरूण माजघरातून उचललं आणि पडवीत टाकलं. पडवीच्या कठड्याला लागून प्रेस. "गवतापासनं लांब ऱ्हा म्हनली ना? माजघरातल्या भाऱ्यापासनं केली लांब," असं तो चहाच्या टपरीवर सांगत होता. ऐकणारे माना हलवत होते. आमच्या गावात मान हलवायला कुणाला पैसे पडत नाहीत.

पंपाचं त्याला फारच वावडं. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचं औषध, एकदा पंप तोंडाला लागला की माणूस गेला, असं तो छातीठोक सांगायचा. माधवी समजावायची की बाबा, रोजचा पंप नियमाने घेतला तरच तो दुसरा घ्यायची वेळ येत नाही. बाबा ऐकायचे नाहीत. मुख्य भीती वेगळीच होती. माधवीचं लग्नाचं वय. आईला दमा आहे असं कळलं तर पोरीला कोण करून घेणार, ही याच्या डोक्यातली गणितं. गावभर पिवळी धूळ उडवणाऱ्या माणसाला बायकोचा वीतभरही नसलेला पंप झाकून ठेवायचा होता.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर खालापूरकडची मंडळी माधवीला बघायला आली. मुलगा स्वप्नील, त्याचे आईवडील, एक मामा. मी सकाळीच गेले होते. पाहुणे येणार म्हणून सदूने घर धुऊन घेतलं, सोफ्यावर नवं कापड टाकलं, पण प्रेस काही बंद केला नाही. ट्रक संध्याकाळी भरायचा होता. आणि सुंदराचे दोन्ही पंप फ्रिजवरून उचलून त्याने कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

सुंदरा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हाच तिचे ओठ मला बरे दिसेनात. स्वप्नीलची आई काहीतरी विचारत होती, सुंदरा उत्तर द्यायला तोंड उघडत होती आणि शब्दाऐवजी शिट्टी येत होती. तिने बशी खाली ठेवली आणि भिंतीला धरून बसली. माधवी फ्रिजकडे धावली. "आईचा पंप कुठंय?" सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडली ती. सदू हसला. खरंच हसला. "काय नाय ओ, जरा पित्त हाय तिला," असं पाहुण्यांना म्हणाला. मी त्याच्या शर्टाला धरलं तेव्हा कुठे पंप कपाटात कुलपाआड आहेत असं तो पुटपुटला, आणि मी किल्ली मागितली. त्याने खिसे चाचपले. किल्ली शर्टाच्या खिशातून पडली होती, वखारीत, गवतात.

बायको भिंतीला टेकून माशासारखं तोंड उघडतेय आणि नवरा गवतात किल्ली शोधतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याहून वाईट म्हणजे तो शोधताना कामगारांवर ओरडत होता, जणू किल्ली त्यांनी पाडली.

शेवटी स्वप्नीलच्या वडिलांनी आपली गाडी दाराशी लावली. स्वप्नीलच्या आईने आणि मी सुंदराला उचलून बसवलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे वाफेतून औषध दिलं, ऑक्सिजन लावला. तिथला डॉक्टर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "अजून थोडा उशीर झाला असता तर आमच्या हातात काही नव्हतं. पुढच्या वेळी दाराशी गाडी असेलच असं नाही." मी ते जसंच्या तसं सदूला सांगितलं. त्याने मान डोलावली.

सोयरीक जमली. ती माणसं चांगली निघाली, त्यांनी आजाराचं नावसुद्धा काढलं नाही. उलट स्वप्नीलची आई दोनदा सुंदराला बघून गेली. यावर सदूचं म्हणणं काय असावं? "मी पंप लपवला म्हनून जमलं." मी त्या दिवशी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला ते कळायला पंधरा दिवस लागले.

वखार जागच्या जागी. मग सुंदराने आपलं आपणच सुरू केलं. एक पंप ब्लाऊजमध्ये, एक माधवीच्या पर्समध्ये. खिडकी बंद करून स्वैपाक, केसांना फडकं, तोंडाला मास्क. सदू मध्येच येऊन कामगारांना हाक मारायला खिडकी उघडायचा आणि उघडीच टाकून जायचा. ती परत बंद करायची. माधवी लग्न होऊन गेल्यावर घरात ती आणि तिची खिडकी, एवढंच उरलं. मी तिला म्हटलं, हंगामापुरती माझ्याकडे येऊन राहा. ती म्हणाली, "वन्सं, दर साल चार महिने आपलं घर सोडून ऱ्हायचं तर घर कुणाचं मग?" 

आणि मग यंदा, घटस्थापनेच्या आसपास, सदू शिंकला.

एक शिंक, दोन शिंका, मग मोजदाद सुटली. सकाळी उठला तो डोळे सुजलेले, नाक टोमॅटो झालेलं. जन्मभर गवतात लोळलेला माणूस, पण पनवेलच्या बाई नंतर म्हणाल्या की हे कुठल्याही वयात सुरू होऊ शकतं, वर्षानुवर्षं न झालेला त्रास पन्नाशीतही होतो. सुंदराला दवाखान्याचं दार बघायला पंधरा-सोळा वर्षं लागली. सदू दुसऱ्या दिवशी पनवेलला हजर होता. दह्याचं नावही त्याने काढलं नाही. हातावर गवताची गांधी उठली तेव्हा सुई जोरात टोचली असं काही तो म्हणाला नाही. "आग हाय गं बाय, आग," म्हणून फुंकर घालत बसला.

आठवडा उलटायच्या आत वखार हलली. कोण कुणाचा चुलत साडू, त्याची हायवेपलीकडे मोकळी जागा होती, तिथे प्रेस, भारे, बोर्ड, सगळं गेलं. आजोबांची रीत? भटजींना फोन झाला, भटजी म्हणाले लक्ष्मी जिथे धंदा तिथे, भारा वखारीतच पुजला तरी चालतो. दोन मिनिटांचं काम. जे सुंदराच्या श्वासासाठी कधी जमलं नाही, ते याच्या शिंकांनी दसऱ्याच्या आत करून दाखवलं.

आता सदू ॲलर्जीतला जाणकार आहे. टपरीवर बसून लोकांना सांगतो की फवारा मारताना नाकाच्या मधल्या पडद्यावर मारू नये, जरा बाहेरच्या बाजूला मारावा, आणि जोरात ओढू नये. सगळं बरोबर सांगतो, हीच तर चीड. एखाद्याने म्हटलं की माझ्या बायकोला पण असंच होतं, तर म्हणतो, "मग डॉक्टरकडं ने ना येड्या, बायकोचे हाल काय बघतोस?"

भाऊबीजेला दर वर्षी तो कर्जतला माझ्याकडे येतो. यंदा त्याचा फोन, "तूच ये ताय, मला रस्त्यानं फुलोरा झेपत नाय." मी गेले. घर बघून मात्र जीव निवला. स्वैपाकघराची खिडकी सताड उघडी, समोर मोकळं अंगण, सुंदरा अनारसे तळत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. ऐन कार्तिकात तिला गुणगुणताना मी शिंका सुरू झाल्यापासून पहिल्यांदा ऐकलं.

सदू खुर्चीत मफलर गुंडाळून बसला होता. मला बघून लगेच कण्हला. "तुला नाय कळायचं ताय, श्वास अडकला की मानसाला काय होतं ते. मरन दिसतं समोर." सुंदरा पाणी घेऊन आली होती. तिच्याकडे बोट करून म्हणाला, "हिचं ठीक हाय, हिला सवय हाय."

तिने पाणी माझ्या हातात दिलं. 

"पन आता काळजी नाय," सदू पुढे म्हणाला. "बाई म्हनली जिभेखालचे थेंब नेमानं घेतले तर दोन-तीन वर्सांत नाक पार ठिकानावर येईल. आलं की वखार परत हितं आननार. तिकडं राखनीला मानूस ठेवावा लागतो, फुकटचा ताप."

सुंदरा आत गेली. मी मागोमाग गेले. ती कढईपुढे उभी होती, झारा हातात, अनारसा करपत होता तरी तिचं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, "मी बोलते त्याच्याशी. भांडते." तिने मान हलवली. "भांडून काय हुनार वन्सं? आजवर हुतं का काय?" मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "मी रोज देवाला हात जोडते. देवा, यांना आउख दे, पैका दे, सगळं दे. फकस्त नाक बरं करू नको. पाप लागंल का ओ मला?"

मी म्हटलं, अजिबात नाही.

बाहेर पाट मांडला, सदूला बसवलं, टोपी घातली, कुंकू लावलं. निरांजन ओवाळताना भावासाठी उदंड आयुष्य मागायचं असतं. ते मी मागितलं, त्यात काही कसूर केली नाही. पुढचं मागणं सुंदराचं होतं, ते मनातल्या मनात मागितलं, अगदी तिच्याच शब्दांत. निरांजनाचा धूर वर गेला. सदूने नाक फुगवलं, तोंड वासलं, आणि ओळीने तीन शिंका दिल्या, अशा की टोपी पाटाखाली पडली. मी मान वर केली तर स्वैपाकघराच्या दारात सुंदरा उभी होती. तिने दोन्ही हात जोडले होते.